शैलाताई, तुझा लांबलेला सूर

शैलाताई, तू जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुझ्याशी वाद घालायला बसलोय. परवा देवळाली कॅम्पला तुझ्या घरी गेलो होतो, तेव्हा मधुकरभाऊंना तसं सांगितलंही. तुमच्या बायकोशी माझा एक वाद अर्धा राहिलाय, म्हटलं. ते म्हणाले, "एकच? माझे तर मोजता येणार नाहीत." मग आम्ही दोघंही हसलो, तुझ्या फोटोसमोर बसून. फोटोही भाऊंनी असा निवडलाय की त्यात तू कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेस, मान खाली घालून पायाकडे बघतेयस. भेटायला येणाऱ्यांना वाटतं, किती शालीन बाई. तू खाली काय बघत होतीस ते मला माहीत आहे. पायाशी गिटारचं पेडल होतं.

पेपरात तुझी छोटीशी बातमी आली होती. 'ज्येष्ठ महिला गिटारवादक' असं लिहिलं होतं. 'ज्येष्ठ' वाचून तू पेपर बाजूला टाकला असतास आणि 'महिला' वाचून पुन्हा उचलून मला फोन केला असतास. "नंदू, तू पुरुष कीबोर्डवादक आहेस का रे?" असं एकदा तू आपला ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या अण्णांसमोर मला विचारलं होतंस, तुला 'महिला गिटारवादक' म्हणणारं पहिलं पोस्टर छापून आलं तेव्हा. अण्णा मनापासून गोंधळले होते. त्यांना वाटलं होतं, तुझं नाव सगळ्यात मोठं छापलंय म्हणून तू खूश होशील.

अण्णांबद्दल आज मागे वळून बघताना मला राग येत नाही, आणि तुलाही कधी आला नव्हता. नव्वदीच्या मध्यावर नाशिकमध्ये ऑर्केस्ट्रा चालवणं म्हणजे काय, ते आपण जवळून बघितलं. लग्नं, गणपती, बँकांचे वर्धापनदिन, द्राक्षवाल्यांची स्नेहसंमेलनं. गायक नाराज, टेम्पोवाला नाराज, ज्याने बोलावलं तो तर आधीपासूनच नाराज. त्यात आपला जुना गिटारवाला नोकरी लागून पुण्याला गेला आणि अण्णांना कोणीतरी सांगितलं की देवळाली कॅम्पमध्ये टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एक ऑपरेटर बाई आहे, तिचे वडील लष्कराच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, आणि ती इलेक्ट्रिक गिटार वाजवते. अण्णांनी तुला न ऐकताच घेतलं. बाई आणि इलेक्ट्रिक गिटार, एवढं त्यांना पुरेसं होतं. तुला चकाकणारी साडी नेसवून स्टेजच्या मधोमध उभं केलं. गाण्यांमधले गिटारचे मधले तुकडे मात्र मी कीबोर्डवर वाजवायचे असं ठरलं, कारण माझ्या कीबोर्डमध्ये 'गिटार' नावाचं एक बटण होतं.

हे तुझ्यापासून कोणी लपवलं नव्हतं. पहिल्याच तालमीला अण्णांनी तुला तोंडावर सांगितलं की तू कॉर्ड धर, म्हणजे गाण्याला नुसती साथ दे, तुकडे नंदू वाजवेल, तुझा सूर मैदानात पोचत नाही. आणि ते खरं होतं, ही सगळ्यात वाईट गोष्ट होती. तुझ्या वडिलांनी बदली होऊन जाणाऱ्या कुठल्याशा अधिकाऱ्याच्या मुलाकडून घेतलेली ती लाल गिटार आणि तिचा आवाज बाहेर काढणारा आपला तो लाकडी खोक्यासारखा ॲम्प. तू तार छेडलीस की सूर टणकन उमटायचा आणि लगेच विरायचा. घरात ठीक. मैदानात ढोलक, काँगो आणि गायक यांच्यामधून तो तिसऱ्या रांगेपर्यंतही जायचा नाही. माझ्या कीबोर्डचं बटण दाबून धरलं की सूर हवा तेवढा वेळ चालू राहायचा. मेलेला सूर होता तो, पण चालू राहायचा.

तू वाद घातला नाहीस. मान डोलावलीस, कॉर्ड धरलेस. एक हंगामभर तू तशी उभी राहिलीस. मला तेव्हा वाटलं की तुला हे चालतंय. तुझी मला ओळखच नव्हती अजून.

मग एक दिवस तू मला एक्स्चेंजमधून फोन केलास आणि ड्युटी संपल्यावर मेनरोडला ये म्हणालीस. तिथल्या वाद्यांच्या दुकानात, तबल्याच्या पुड्या आणि पेट्यांच्या मधे, काचेच्या कपाटात ते पेडल होतं. पिवळट प्लास्टिकचं, साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठं. वर तीन बटणं फिरवायची आणि खाली पायाने दाबायचा खटका. दुकानाचे शेठ अगदी प्रामाणिक माणूस. म्हणाले, ताई, हे शिकाऊ पोरांसाठी आहे, स्वस्तातलं आहे, चांगलं पाहिजे असेल तर मुंबईहून मागवून देतो. तू म्हणालीस, मागवू नका, हेच सोमवारपर्यंत वाजवून बघायला द्या. त्यांनी दिलं. बसमध्ये तू ते पर्समध्ये न ठेवता हातात धरून बसली होतीस.

ज्यांना हे माहीत नाही त्यांना मी आजकाल असं समजावतो की, ते पेडल ओव्हरड्राइव्हचं होतं, आणि ओव्हरड्राइव्ह म्हणजे सूर थोडा फाडणं. गायक पट्टीच्या वरच्या टोकाला जोर लावतो तेव्हा त्याचा आवाज जसा जरासा चिरतो आणि त्या चिरण्यातच जास्त खरा वाटतो, तसं. गिटारचा सूर पेडलमधून गेला की जाड होतो, खरखरतो आणि मुख्य म्हणजे लांबतो. लगेच मरत नाही. हे वर्णन माझं नाही, तुझंच आहे. तू ते मला त्या रविवारी सकाळी सांगितलंस, द्वारका चौकाजवळच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये, जिथे अण्णांनी आपल्याला तालमीला जागा मिळवून दिली होती. बाहेर ट्रकांचे हॉर्न, आत पोत्यांचा वास, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेली तू, पेडलची बटणं नखाने फिरवत.

ती सकाळ मी कधी विसरणार नाही, कारण सुरुवातीला इतकी वाईट गेली. तू पहिलं बटण पूर्ण फिरवलंस आणि ॲम्पमधून मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखा आवाज आला. तू तार छेडलीस तर सूर कुठला तेच कळेना. बटण थोडं मागे घेतलंस, तर त्या गुणगुणीतून एक माणूस बोलायला लागला. आपण दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. कांद्याचे बाजारभाव होते. रेडिओवरचा निवेदक, अगदी स्पष्ट, लासलगाव, पिंपळगाव, उन्हाळ कांदा. त्या स्वस्त प्लास्टिकच्या डबीत बाहेरच्या लहरी अडवायला काहीच नव्हतं, आणि आपली ती लांबलचक वायर एरियलसारखी काम करत होती. मी पोत्यावर आडवा होऊन हसलो. म्हटलं, ताई, सोमवारची वाट कशाला बघतेस, आजच परत करून येऊ.

तू हसली नाहीस. चिडलीही नाहीस. तू वायर बदललीस, माझ्या कीबोर्डची छोटी वायर काढून लावलीस. निवेदक गेला. मग तू जे केलंस ते मी पुढे कुठल्याच मुलाला करताना बघितलं नाही, कारण सगळी मुलं पहिलं बटण वरच नेतात. तू ते जवळजवळ बंद केलंस. आवाजाचं बटण वर नेलंस. आणि गिटारवरचं आवाजाचं बटण करंगळीखाली घेतलंस. हळू छेडलीस तेव्हा सूर स्वच्छ आला, नेहमीचा. जोरात छेडलीस तेव्हा तोच सूर कडेकडेने फाटला आणि थांबला. म्हणजे विरला नाही, थांबून राहिला. तू तार बोटाने वर ओढलीस, सूर वर चढला, आणि तुझ्या वडिलांच्या क्लॅरिनेटसारखा हलला. मी हसायचं थांबलो.

"नंदू," तू म्हणालीस, "हे जोर मोजतंय. मी जेवढं देईन तेवढंच परत देतंय."

त्या दिवशी तू दुपारपर्यंत वाजवलंस. मी दोनदा चहा आणला, दोन्ही गार झाले. बॅटरी संपत आली की सूर आणखी मऊ होतो हेही तुला त्याच दिवशी कळलं आणि पुढे कितीतरी वर्षं तू मुद्दाम अर्धी संपलेली बॅटरी वापरायचीस, आणि मला गोडाऊनमधल्या कामगारांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायला लावायचीस. सोमवारी तू दुकानात गेलीस ती पेडल ठेवून घेतेय हे सांगायला.

आता ती भिंतीची गोष्ट. ती मी तुझ्या दहाव्याला रामकुंडावर तुझ्या मावसभावाला सांगत होतो, तेव्हा त्याला खरी वाटली नाही. पुढच्या तालमीला तू अण्णांना एक विनंती केलीस. आवाज न चढवता, जसं तू फोनवर लोकांना 'जरा थांबा' म्हणायचीस तसं. म्हणालीस, अण्णा, तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. नंदू तुकडा वाजवेल, मग मी वाजवेन. तुम्हाला जो बरा वाटेल तोच कार्यक्रमात वाजेल. नंदूचा वाटला तर मी कॉर्ड धरेन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

अण्णांना गंमत वाटली. खुर्ची वळवून बसले. मी माझं 'गिटार' बटण दाबलं आणि खरं सांगतो, ताई, चांगलं वाजवलं. मुद्दाम वाईट वाजवून तुझा अपमान करावा एवढा मी मूर्ख नव्हतो. एकही सूर चुकला नाही. मग तू वाजवलंस. तेच सूर, तीच लय. पण तू दुसऱ्या ओळीच्या शेवटी तार ओढून सूर धरून ठेवलास, तो एवढा वेळ की ढोलकवाल्या शंकरने नकळत ठेका हळू केला. तुकडा संपला तरी अण्णा वळले नाहीत. भिंतीकडे बघतच म्हणाले, "मुंबईहून कोणाला बोलावलंय रे नंदू? मला आधी सांगायचं ना."

मग वळले. तुला बघितलं, तुझ्या पायाशी ती पिवळी डबी बघितली. अण्णा मोठ्या मनाचे. उठले, माझ्याजवळ आले आणि म्हणाले, नंदू, तू आता पियानो वाजव.

त्या दिवशी मी हरलो आणि मला किती आनंद झाला होता, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटत राहिलं की मला थोडं तरी लागलं असेल. पुढे बरेच दिवस तू माझ्याशी जरा जपून वागायचीस, डब्यातलं जास्तीचं काही असलं तर मला द्यायचीस. मी ते खाल्लं आणि गप्प बसलो, कारण तुझ्या हातच्या शेवयांचा उपमा मला आवडायचा. पण ताई, मला लागलं नव्हतं. त्या बटणाचा मला कंटाळा आला होता. दुसऱ्याचं वाद्य असल्याचं सोंग करत वाजवण्यात काय मजा असते? तुझ्यामुळे मी पुन्हा माझं वाजवायला लागलो.

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम दिंडोरीला होता, द्राक्षांचा हंगाम संपल्यावर, शाळेच्या मैदानात. पुढच्या सतरंजीवर बायका-मुलं, मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर पाय सोडून बसलेली तरणी पोरं. ती पोरं पोस्टरवरची बाई बघायला आली होती, तू स्टेजवर आलीस तेव्हा शिट्ट्या झाल्या. तू पहिला तुकडा वाजवलास. ट्रॉल्यांवरच्या शिट्ट्या थांबल्या. दुसऱ्या गाण्याला पुन्हा वाजल्या, पण त्या वेगळ्या होत्या, आणि तुकडा संपल्यावर वाजल्या. हा फरक स्टेजवरच्या माणसाला कळतो. गाणं संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ स्टेजच्या पायऱ्यांपाशी आले आणि तुला म्हणाले, "बाई, ते शेवटचं वढलं ना तुम्ही, ते लय आत गेलं." तू त्यांना नमस्कार केलास. परतीच्या टेम्पोत तू फक्त मला विचारलंस, "वढलं म्हणाले ना ते? तेच म्हणाले ना?"

पुढची कितीतरी वर्षं तू वाजवत राहिलीस. एक्स्चेंजमध्ये शिफ्ट, घरी मधुकरभाऊंच्या कारखान्याच्या वेळा, आणि शनिवार-रविवार आमच्याबरोबर. तोफखान्याच्या सरावाचे बार झाले की तुझ्या घराच्या खिडक्या थरथरायच्या आणि तू गिटार हातात असली तर त्या बारांवर ताल धरायचीस. तुझी ती सवय बघून मी एकदा म्हटलं होतं की तुला भीती कशाचीच वाटत नाही. तू म्हणालीस, वाटते, पण तोफांची नाही. कशाची, ते विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि इथूनच आपला वाद सुरू होतो.

नाशिकमधल्याच एका कार्यक्रमाला मुंबईचा एक संगीत संयोजक आला होता. त्याने तुला ऐकलं आणि रेकॉर्डिंगला बोलावलं. आपल्या सगळ्यांना वाटलं, झालं, ताई आता सुटली. तू सकाळच्या गाडीने गेलीस, संध्याकाळी परत आलीस, दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर. कसं झालं विचारलं तर म्हणालीस, छान होतं, सगळे छान बोलले. त्या माणसाने पुन्हा बोलावलं, तू गेली नाहीस. तिसऱ्यांदा बोलावलं, तू ड्युटीचं कारण दिलंस, आणि मला माहीत होतं की त्या दिवशी तुझी ड्युटी नव्हती. मी तुझ्याशी भांडलो. पुढेही कित्येकदा भांडलो, निमित्त मिळेल तेव्हा. मी म्हणायचो, ताई, लग्नाच्या मांडवात वाजवलेलं दुसऱ्या दिवशी हवेत विरून जातं, तिथलं राहतं. तू म्हणायचीस, बघू. तुझं 'बघू' म्हणजे 'नाही' हे कळायला मला बराच काळ गेला.

दुसरा वाद पेडलचा. माझा एक मित्र परदेशातून आला तेव्हा मी त्याच्याकडून तुझ्यासाठी एक भारी पेडल मागवलं. लोखंडी डबी, घट्ट बटणं, अजिबात खरखर नाही, रेडिओचा तर प्रश्नच नाही. तू एक आख्खी दुपार ते वाजवलंस. मला वाटलं तू हरखून गेली आहेस. संध्याकाळी तू ते नीट पुसून खोक्यात भरून मला परत दिलंस.

"हे फार गुणी आहे रे," तू म्हणालीस. "कसंही वाजवलं तरी चांगलंच ऐकू येतं. मग मी कुठे?"

मी खूप समजावलं. म्हटलं, ही नुसती सवय आहे, तुला त्या डबीच्या खोडी अंगवळणी पडल्या आहेत आणि तू त्याला कला म्हणतेयस. तू म्हणालीस, असेल. आजही मला वाटतं की या बाबतीत तू चुकत होतीस. ते पेडल पुढे मी विकलं नाही, घरीच आहे, आणि अधूनमधून मी ऐकतो. उत्तम आहे, ताई. खरंच उत्तम आहे. तू निदान एका कार्यक्रमात वापरून बघायला हवं होतंस.

मग तुझं आजारपण आलं. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही, तुलाही त्यावर बोललेलं आवडायचं नाही. एवढंच की औषधांनी तुझ्या डाव्या हाताच्या बोटांची टोकं बधिर झाली. तू मला सांगितलंस, तार दाबली गेली की नाही तेच कळत नाही, बोट दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू संवेदना परत येईल, कदाचित. तू गिटार पलंगाखाली ठेवून दिलीस. आम्ही कोणी तो विषय काढत नव्हतो. मी येताना केळी घेऊन यायचो आणि ऑर्केस्ट्रातल्या भानगडी सांगायचो.

एकदा आलो तर अंगणाच्या बाहेरूनच आवाज ऐकू आला. दार उघडंच होतं. तू पलंगावर पाय लांब करून बसली होतीस आणि गिटार मांडीवर आडवी, सपाट ठेवलेली. तारांच्या खाली वरच्या टोकाला लोखंडाची पट्टी सरकवून तारा उंच केल्या होत्या, आणि डाव्या हातात तू पोलादाची एक जाडसर गुळगुळीत कांडी धरली होतीस. ती कांडी तू तारांवरून सरकवत होतीस. बोटाच्या टोकाची गरजच नव्हती, हात पुढेमागे न्यायचा आणि कानाने जागा शोधायची. जुन्या काळी लोक हवाईयन गिटार वाजवायचे तशी. कांडी मधुकरभाऊंनी कारखान्यात लेथवर करून आणली होती. ते मला म्हणाले की तिसरी आहे ही, पहिली हलकी झाली, दुसरी खरखरली, मॅडमना पसंत पडली नाही.

अशा वाजवण्याला लांब सूर लागतो, ताई, नाहीतर कांडी पोचायच्या आत तो संपतो. म्हणून पेडल पलंगावर तुझ्या उजव्या गुडघ्याशी होतं आणि पायाऐवजी तू मुठीने खटका दाबत होतीस. चुकत होतीस. सूर जागेच्या जरा वर जायचा, तू तोंड वाकडं करून परत यायचीस. मी केळी हातात घेऊन दारात उभा होतो. मला वाटलं होतं की तुझं वाजवणं संपलं. तुझ्याबाबतीत असा अंदाज मी कितव्यांदा बांधत होतो कोण जाणे.

तेवढ्यात शेजारचे सुभेदार आले, निवृत्त, एकेकाळी तुझ्या वडिलांबरोबर लष्करात असलेले, ज्यांची तुझ्या ॲम्पबद्दलची तक्रार तुझ्या लग्नापासूनची होती. आम्हाला वाटलं, आता आवाज कमी करा म्हणणार. ते खुर्ची ओढून बसले. थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "तुझे वडील पहाटे रियाज करायचे ना, तसंच वाटतंय. चालू दे." तू मान वर केली नाहीस, पण तुझे कान लाल झाले होते. तुझी एवढी स्तुती झालेली मी पहिल्यांदा बघितली असं नाही. तुला ती पोचलेली मात्र पहिल्यांदा बघितली.

सुभेदार गेल्यावर मी पुन्हा तोच मूर्खपणा केला. मुंबईचा विषय काढला. म्हटलं, ताई, तू गेली असतीस तर आज हे वाजवणं कुठेतरी असतं. या वेळी तू 'बघू' म्हणाली नाहीस.

"नंदू, तिथं मी काचेच्या आत होते," तू म्हणालीस. "बाहेरची माणसं घड्याळाकडे बघत होती. त्यांचं बरोबरच होतं, त्यांचं ते कामच आहे. पण मी सूर ओढला आणि तो कोणाला लागला का ते मला कळलंच नाही. मला ते कळावं लागतं रे. नाहीतर मी वाजवू कोणाला?"

मी म्हटलं की ऐकणारे नंतर ऐकतात, हजारो ऐकतात, तुला दिसत नाहीत एवढंच. तू म्हणालीस, तुला पटणार नाही, नको पटू दे, केळं सोल. आणि मी सोललं. आपलं त्या विषयावरचं ते शेवटचं बोलणं. मला तेव्हा वाटत होतं की तू घाबरलीस, आणि हा शब्द अनेकदा माझ्या ओठांवर आला होता. त्या दुपारी तुला त्या कांडीने सूर शोधताना बघितल्यावर तो शब्द गिळला, ते बरं झालं. पण तुझं म्हणणं पटलं असंही नाही. मी आजही दोन्हीकडून भांडतोय, एकदा तुझ्या बाजूने, एकदा माझ्या.

तू गेल्यावर मधुकरभाऊ ते पेडल समोर टेबलावर ठेवून बसतात. त्यांना वाजवता येत नाही, तुला माहीतच आहे. पण वायर आत खुपसून ठेवली की त्याचा छोटा लाल दिवा लागतो, तेवढं त्यांना कळलंय. वायर लावून ठेवली की बॅटरी उतरते म्हणून तू आम्हाला जन्मभर ओरडलीस. मी भाऊंना काही बोललो नाही. पुढच्या खेपेला नवीन बॅटऱ्या मात्र घेऊन गेलो.

आणि आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं. गेल्या आठवड्यात आपला एक कार्यक्रम होता, आधीच ठरलेला, आणि तुझ्या आजारपणात गाळलेली गाणी त्यात परत घ्यायची होती. अण्णांनी मला विचारलं, शैलाचे तुकडे तू वाजवशील का, पूर्वीसारखे. मी नाही म्हटलं. त्यांनी जोर केला नाही. मग असं ठरलं की तुझी जागा आली की कोणीच काही वाजवायचं नाही, नुसता ठेका चालू ठेवायचा. तुला आदरांजली म्हणून. मला ती कल्पना फार मोठी वाटली होती. गाणं सुरू झालं, तुझी जागा आली, आम्ही सगळे थांबलो. शंकर एकटा वाजवत राहिला. मी समोर बघत होतो. आणि ताई, कोणालाच काही कळलं नाही. लोकांना वाटलं, गाणंच असं आहे. मुलं ठेक्यावर नाचायला लागली, एक आजोबा टाळ्या वाजवत होते. आधी मला राग आला, नंतर मी स्टेजवरच हसायला लागलो, आणि मग डोळे पुसावे लागले. गायिकेला वाटलं, मला बरं नाहीये.

कार्यक्रम संपल्यावर अण्णा माझ्याजवळ आले. फार थकले आहेत आता ते. म्हणाले, नंदू, जागा अशी मोकळी ठेवून चालणार नाही, कोणीतरी शोधायला हवं. मी हो म्हटलं. शोधायला लागलोही. काल दिंडोरीहून एका मुलीचा फोन आला, कॉलेजात शिकते, कोणाकडून तरी कळलं म्हणाली. आवाज अगदी बारीक. तिने मला विचारलं, "सर, तिथं ॲम्प असतो का? माझ्याकडं नुसती गिटारच हाय." मी म्हटलं, असतो, तू फक्त ये.

रविवारी सकाळी येतेय ती गोडाऊनवर. तिला मी तुझ्याबद्दल काही सांगणार नाही, ताई. आधी तिला वाजवू देईन.